फॉग सर्व्हर: सहा वर्षं, चार लॅब आणि पाच पोर्टांचा एक डबडा स्विच

आमच्या तंत्रनिकेतनात चार लॅब, ११८ पीसी आणि ते बघायला मी एकटी. पदाचं नाव लॅब असिस्टंट. कामाची यादी विचारू नका. परवा स्टाफरूमचा पंखासुद्धा "तुम्ही कॉम्प्युटरवाल्या ना, बघा जरा" म्हणून माझ्याच गळ्यात आला होता.

२०१९ पर्यंत दर उन्हाळ्यात माझा एकच उद्योग असायचा. एक पीसी नीट लावायचा, म्हणजे विंडोज, टर्बो सी, पायथन, ऑटोकॅड, मराठी टायपिंग, प्रिंटर, सगळं. मग एक्स्टर्नल हार्डडिस्क हातात घेऊन लॅबभर हिंडायचं. एका पीसीला पाऊण तास. दोन डिस्का होत्या, त्यातली एक मूडवर चालायची. सुट्टी संपायची, लॅब संपायची नाही.

त्या जूनमध्ये फॉग लावला. हा रिव्ह्यू सहा वर्षांनी लिहितेय ते एका परीने बरंच झालं. पहिल्या आठवड्यात लिहिला असता तर पाचपैकी पाच दिले असते, आणि नंतरच्या काही आठवड्यांत लिहिला असता तर शून्य.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: फॉग म्हणजे 'फ्री ओपन-सोर्स घोस्ट'. एका पीसीच्या डिस्कची अख्खी नक्कल, म्हणजे इमेज, काढून ती नेटवर्कवरून बाकीच्या पीसींवर टाकणारा प्रोग्राम. ज्यांनी घोस्ट हा डिस्कची नक्कल काढायचा जुना प्रोग्राम वापरलाय त्यांना नावातच काय ते कळेल. २००७ पासून हा प्रकल्प चालू आहे, परवाना जीपीएल (मुक्त सॉफ्टवेअरचा), पैसे कुणालाच द्यायचे नाहीत. एखाद्या लिनक्सच्या पीसीवर इन्स्टॉल स्क्रिप्ट चालवायची, ती दहा-बारा प्रश्न विचारते, बहुतेकांना एंटर मारलं की झालं. आमचा सर्व्हर म्हणजे लॅब एकमधून निवृत्त झालेला चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, वर उबुंटू. दहा पीसींना एकदम वाढताना त्याची हार्डडिस्क धापा टाकायला लागली, तेव्हा चार अर्ज करून एक एसएसडी मंजूर करून घेतली. खर्च तेवढाच.

काम असं चालतं. नमुन्याच्या पीसीची इमेज सर्व्हरवर चढवायची, मग बाकीच्यांवर उतरवायची. पेनड्राइव्ह नाही, डीव्हीडी नाही, पीसी नेटवर्कवरूनच बूट होतो. आमची इमेज डिस्कवर ४५ जीबी, सर्व्हरवर झेडस्टँडर्डने दाबून २२ जीबी. एकटा पीसी असेल तर गिगाबिट लाइनवर सात-आठ मिनिटांत तयार. तीस पीसींची लॅब लावली तर फॉग एका वेळी दहालाच वाढतो, बाकीचे वीस रांगेत उभे राहतात. हा दहाचा आकडा सेटिंगमध्ये बदलता येतो, पण मी बदलत नाही. कारण लाइन एकच, ती कितीही जणांत वाटली तरी वाढत नाही. पावणेदोन तासांत सगळी पंगत उठते. पूर्वी याला आठवडा जायचा.

पहिल्यांदा हे जमलं त्या दिवशी मी नुसती खुर्ची टाकून दहा स्क्रीनवर पार्टक्लोनच्या (फॉगमधला इमेज उतरवणारा प्रोग्राम) पट्ट्या सरकताना बघत बसले होते. आमचे शिपाई मामा चहा घेऊन आले, दारातच थबकले. "मॅडम, ह्या ओळीला एकदम काय झालं? सगळ्यांना एकच रोग?"

आता तो चालत नाही तेव्हाचं सांगते, कारण माझी सहा वर्षं जास्त करून तिथेच गेली आहेत.

नेटवर्क बूटमध्ये तीनदा हात बदलतात. आधी नेटवर्क कार्डातली पीएक्सई रॉम, म्हणजे नेटवर्कवरून बूट करणारा छोटा प्रोग्राम, उठते. तिला दोनच गोष्टी येतात: डीएचसीपीकडे, म्हणजे नेटवर्कवर पत्ते वाटणाऱ्या सेवेकडे, पत्ता मागणं आणि सांगितलेली एक छोटी फाइल टीएफटीपी या फाइल आणायच्या साध्या पद्धतीने आणणं. पीएक्सईचं २.१ स्पेसिफिकेशन १९९९ चं आहे आणि टीएफटीपी त्याहून म्हातारा, १९८१ चा. मुळात त्याची रीत अशी की ५१२ बाइटचा एक घास घ्यायचा, 'पोचला' म्हणून कळवायचं, मग पुढचा घास. म्हणून त्याच्याकडून मोठं काही मागवायचंच नसतं. ती छोटी फाइल म्हणजे आयपीएक्सई. जुन्या बायॉसच्या पीसीला 'अनडीआयओन्ली डॉट केपीएक्सई', नव्या यूईएफआयवाल्याला (बायॉसची पुढची पिढी) 'आयपीएक्सई डॉट ईएफआय'. हा दुसरा हात. तो नव्याने पत्ता मागतो, फॉगचा मेनू दाखवतो आणि एचटीटीपीवरून दोन फायली ओढतो. 'बीझेडइमेज' म्हणजे लिनक्सचा कर्नल, त्याचा गाभा, आणि 'इनिट डॉट एक्सझेड' म्हणजे त्या कर्नलची शिदोरी, लागणारी सगळी हत्यारं त्यात असतात. मग कर्नल उठतो, हा तिसरा हात. तो आधीच्या दोघांवर काडीचा विश्वास ठेवत नाही. कार्ड पुन्हा पहिल्यापासून चालू करतो आणि पत्ता पुन्हा मागतो. त्यानंतर कुठे इमेजचं काम सुरू होतं.

एकाच बूटमध्ये तीनदा पत्ता मागितला जातो, हे माझ्या डोक्यात शिरायला दोन वर्षं लागली.

२०२१ च्या नोव्हेंबरातली गोष्ट. कोरोनानंतर कॉलेज नुकतंच सुरू झालं होतं. बंदच्या काळात लॅब दोनला नवे चोवीस पोर्टांचे मॅनेज्ड, म्हणजे आत सेटिंग असलेले, स्विच बसवून गेले होते, पिवळ्या केबलींना छान टाय मारलेले, बघत राहावं असं काम. मी इमेज टाकायला घेतली. मेनू आला. 'बीझेडइमेज ओके', 'इनिट ओके'. काळ्या स्क्रीनवर अक्षरं धावली, थांबली आणि खाली ओळ आली: 'फेल्ड टू गेट अ‍ॅन आयपी व्हाया डीएचसीपी', म्हणजे पत्ता मिळाला नाही. लॅब एकमध्ये हाच सर्व्हर, हीच इमेज, तसेच पीसी. तिथे मात्र सगळं सुरळीत.

मी कर्नलवर संशय घेतला. फॉगच्या वेब पानावर 'कर्नल अपडेट' नावाचं एक पान आहे, तिथून तीन दिवसांत चार कर्नल बदलून पाहिले. कुठे ६४ बिटच्या जागी ३२ बिटचा घालून पाहिला, कुठे कर्नल आर्ग्युमेंटमध्ये ऐकीव मंत्र घातले. एकदा तर चुकून लॅब एकपण बंद पाडली. स्विचवर संशय घ्यायचं मनातही आलं नाही, कारण दिवे लागत होते. ज्यांनी स्विच बसवले त्यांच्या माणसाला फोन केला तर तोही तेच म्हणाला, "मॅडम, लाइटा लागतायत ना? मग स्विच ओके आहे."

चौथ्या दिवशी स्टोअररूममधून पाच पोर्टांचा एक जुना प्लॅस्टिकचा स्विच काढला. त्याला ना वेब पान ना पासवर्ड. नुसता अ‍ॅडॉप्टर लावला की चालतो. भिंतीतली केबल त्यात घातली, त्यातून दुसरी केबल पीसीला. बूट केला. इमेज उतरायला लागली.

मी तो स्विच काढला. फेल. लावला. पास. असं पाच वेळा केलं. मामांना वाटलं मी थकलेय.

कारण नंतर उमगलं. मॅनेज्ड स्विचवर 'स्पॅनिंग ट्री' चालू होतं. एखाद्या पोर्टवर नवी जोडणी दिसली की तो स्विच लगेच दार उघडत नाही. पलीकडून कुठे केबलचं वेटोळं तर होत नाही ना, हे पंधरा सेकंद नुसतं ऐकतो, पंधरा सेकंद शिकतो आणि मग वाट देतो. एकूण तीस सेकंद. पीएक्सई रॉमला याचं काही वाटत नाही, कारण ती ४, ८, १६, ३२ अशी वाढत्या अंतराने साठ सेकंद विचारत राहते. आयपीएक्सईने कार्डाची जोडणी तोडली नाही म्हणून तोही सुटला. पण कर्नल उठताना कार्ड क्षणभर बंद करून चालू करतो. स्विचला वाटतं नवा पाहुणा आला, आणि तीस सेकंदांची मोजणी पुन्हा शून्यापासून. कर्नल तेवढा वेळ थांबत नाही. मध्ये डबडा स्विच असला की पीसीची जोडणी त्याच्यापाशी तुटते-जुळते, पण त्याची मोठ्या स्विचशी असलेली जोडणी हलतसुद्धा नाही. मोठ्याला काही कळतच नाही.

उपाय स्विचच्या सेटिंगमध्ये. कुणी त्याला 'पोर्टफास्ट' म्हणतं, कुणी 'एज पोर्ट'. ज्या पोर्टांना पीसी लागतात त्यांच्यापुरतंच ते चालू करायचं. स्पॅनिंग ट्री सरसकट बंद करायचा मोह झाला होता, पण एका वर्षी दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाने पॅचकॉर्डची दोन्ही टोकं भिंतीतल्या दोन सॉकेटात 'नीट लावून ठेवली' होती आणि ऑफिससकट अख्खं कॉलेज झोपलं होतं. ते आठवलं आणि हात आवरला.

यात फॉगचा काय दोष? काहीच नाही. तरी रिव्ह्यूमध्ये लिहितेय, कारण फॉग घेणाऱ्याला हे सगळं अंगावर घ्यावं लागतं. खोकं उघडून प्लग लावला आणि चाललं, अशी ही वस्तू नाही. ती तुमच्या नेटवर्कमधली जुनी दुखणी चव्हाट्यावर आणते.

पुढच्याच वर्षी लॅब तीनला तीस नवे पीसी आले. आता मी शहाणी झाले होते. पहिला पीसी उघडला तेव्हा डबडा स्विच आधीच बगलेत होता.

आधी तो 'आयपीएक्सई इनिशियलायझिंग डिव्हायसेस' या ओळीवरच गोठला. तिथून ना पुढे, ना मागे. ही गाठ दहा मिनिटांत सुटली: 'आयपीएक्सई डॉट ईएफआय'च्या जागी 'एसएनपीओन्ली डॉट ईएफआय' द्यायची. पहिलीच्या पोटात कार्डांचे स्वतःचे ड्रायव्हर असतात आणि एखाद्या नव्या कार्डाशी तिचं जमत नाही. दुसरी शहाणपणा करत नाही, पीसीच्या फर्मवेअरमध्ये कार्ड चालवायची जी सोय आहे तीच वापरते. मेनू आला. मग 'बीझेडइमेज ओके', 'इनिट ओके', अक्षरं धावली, आणि तीच ओळ. फेल्ड टू गेट अ‍ॅन आयपी.

डबडा स्विच लावला. तरीही तेच. अडॅप्टर बदलला, केबल बदलली, दुसऱ्या भिंतीतल्या सॉकेटला लावून पाहिलं. तीच ओळ. पहिल्या वेळी दोष स्विचचा होता आणि मी कर्नलला बडवलं, या वेळी नेमकं उलटं करत बसले. दुपार त्यात गेली.

शेवटी फॉगची 'डीबग टास्क' वापरली, जी मी पहिल्याच वर्षी वापरायला हवी होती. टास्क देताना एका चौकटीत टिक करायची. मग पीसी इमेज टाकायला धावत नाही, कमांड प्रॉम्प्टवर येऊन उभा राहतो. 'फॉग' टाइप करून एंटर मारलं की एकेक पायरी पुढे जाते. मला माहीत असलेल्या सगळ्या इमेजिंग साधनांत ही एक सोय सोन्यासारखी आहे. तिथे 'आयपी अ‍ॅड्र' टाइप केलं. उत्तरात एकच नाव: 'लो'. म्हणजे लूपबॅक, पीसीचं स्वतःशी बोलणं. कार्ड नावाची वस्तूच कर्नलला दिसत नव्हती. लॅब दोनच्या वेळी हीच कमांड दिली असती तर 'ईएनपी' वगैरे कार्डाचं नाव दिसलं असतं आणि फक्त पत्त्याची जागा रिकामी असती. स्क्रीनवरची चूक एकच, पण आजार दोन, आणि फरक सांगायला ही एक ओळ पुरते. नुसता 'लो' दिसला तर कर्नलकडे जा. कार्ड दिसतंय पण पत्ता नाही, तर केबल, स्विच, डीएचसीपीकडे जा.

मग 'एलएसपीसीआय -एनएन', पीसीतल्या कार्डांची यादी देणारी कमांड. नेटवर्कच्या ओळीच्या शेवटी चौकटी कंसात आकडा होता: १०ईसी:८१२५. पहिला भाग बनवणारा, म्हणजे रिअलटेक. दुसरा भाग कार्डाचा प्रकार, अडीच गिगाबिटचं. आमच्या फॉगमधला कर्नल २०१९ पासूनचा, ४.१९ मालिकेतला. या कार्डाची ओळख लिनक्सच्या 'आर८१६९' ड्रायव्हरला झाली ती ५.४ मध्ये, २०१९ च्या नोव्हेंबरात. आमचा कर्नल त्या आधीचा. मग मेनू कसा दिसला? तर मेनूपर्यंत फर्मवेअरने हात धरून आणलं होतं. कर्नल आला आणि त्याने हात सोडवून घेतला. मेनू दिसतोय म्हणजे कार्ड चालतंय, ही माझी तीन वर्षांची समजूत त्या दिवशी गेली.

कर्नल बदलायचा तर आता सर्व्हरला इंटरनेट नव्हतं. लॉकडाऊननंतर लॅबचं नेटवर्क बाहेरच्या जगापासून तोडलेलं आहे. घरी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर नवा कर्नल आणि नवा इनिट दोन्ही उतरवले, दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्हवर नेले. जुन्या फायलींची नावं बदलून बाजूला ठेवल्या. ही सवय लावून घ्या, एक दिवस तीच वाचवते. नव्या त्यांच्या जागी ठेवल्या. आलेली फाइल कुठल्या आवृत्तीची आहे हे बघायला लिनक्समध्ये 'फाइल' नावाचीच कमांड आहे. 'फाइल बीझेडइमेज' म्हटलं की कर्नल आपला नंबर सांगतो. ५.१५ दिसलं. आनंद झाला.

आनंद अर्धा मिनिट टिकला. 'कर्नल पॅनिक'. 'अनएबल टू माउंट रूट एफएस', पुढे 'अननोन ब्लॉक' आणि कंसात एक, शून्य. हे वाचून छातीत धस्स होतं, पण कारण किरकोळ निघालं. इनिटची शिदोरी रॅममध्ये उलगडते, आणि तिच्यासाठी किती जागा ठेवायची हा आकडा फॉगच्या सेटिंगमध्ये असतो, 'कर्नल रॅमडिस्क साइझ'. जुन्या काळचा आकडा १२७०००. नवा इनिट त्यात मावत नाही. २७५००० केला आणि पॅनिक गेला. कुठल्याही सूचनेत ही एक ओळ ठळक अक्षरांत असायला हवी होती.

पुढची अडचण: डिस्कच सापडेना. या पीसींमध्ये स्टोरेज 'रेड' मोडवर ठेवून पाठवलं होतं, त्यामुळे एनव्हीएमई डिस्क लिनक्सला दिसत नव्हती. बायॉसमध्ये त्याऐवजी एएचसीआय हा साधा मोड केला, दिसली. वरची विंडोज तशीही पुसायचीच होती. सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेलं काही बूट होऊ न देणारी सोय, हीसुद्धा तीसही पीसींवर एकेक करून हाताने बंद केली, कारण १.५ मालिकेतला फॉग तिच्यासह बूट होत नाही. तीस वेळा एफ-टू दाबणं यात सांगण्यासारखं काही नाही, हात दुखतो एवढंच.

मग इमेज उतरली, तीसच्या तीसवर. आणि लॅब एकमधले दोन जुने पीसी नव्या कर्नलवर उठेनात. इथे मात्र मी फॉगला मनापासून दाद दिली. प्रत्येक पीसीच्या पानावर 'होस्ट कर्नल' म्हणून एक रकाना आहे. जुना कर्नल वेगळ्या नावाने त्याच फोल्डरमध्ये ठेवला आणि त्या दोघांच्या रकान्यात ते नाव लिहिलं. सगळे नव्यावर, ते दोघं ४.१९ वर. पीसी पन्नास असते तर त्यांचा ग्रुप करून एकदाच लिहिता आलं असतं. आजही ते दोघं तसेच चालतात. एकावर तर अजून कॉलेजची गेटपास रजिस्टरची एक्सेल आहे.

बाकीचं झटपट. आमचा डीएचसीपी राउटरवर आहे आणि त्या राउटरच्या पासवर्डला हात लावायची मला परवानगी नाही. त्यात ६६ आणि ६७ हे पर्याय (बूट सर्व्हर आणि बूट फाइल सांगणारे) भरता येत नसतील तर सर्व्हरवर डीएनएसमास्क नावाचा छोटा प्रोग्राम 'प्रॉक्सी' पद्धतीने लावा. पत्ता राउटरच देतो, बूट फाइलचं नाव तेवढं डीएनएसमास्क सांगतो. शिवाय पीसी बायॉसचा की यूईएफआयचा हे ओळखून वेगवेगळी फाइल देतो. सहा वर्षांत त्याने एकदाही दगा दिला नाही. मल्टिकास्ट, म्हणजे सगळ्यांना एकदम पाठवायची सोय, फॉगमध्ये आहे, पण मी सोडून दिली. तीसातल्या एकाची डिस्क मरायला टेकलेली असली की बाकीचे एकोणतीस तिच्या चालीने चालतात. लग्नाच्या वरातीत आजोबांना पुढे ठेवल्यासारखं.

कॅप्चर करण्याआधी, म्हणजे इमेज सर्व्हरवर चढवण्याआधी, नमुन्याच्या विंडोजवर 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' ही हायबरनेशन बंद करणारी कमांड द्या आणि पीसी नीट बंद करा. नाहीतर विंडोज अर्धवट झोपलेली असते आणि पार्टक्लोन त्या पार्टिशनला हात लावत नाही. विंडोज ११ असेल तर बिटलॉकरचं एन्क्रिप्शन आपोआप सुरू झालेलं नाही ना, हेही बघा. आणि लायसन्सचा प्रश्न फॉग सोडवत नाही. इमेज पसरवता आली म्हणजे विंडोजचा हक्कही पसरला असं नसतं.

दोन सावधगिऱ्या. पहिली माझ्या स्वतःच्या चुकीतून आलेली. फॉग आपल्यासाठी सर्व्हरवर 'फॉगप्रोजेक्ट' नावाचा एक लिनक्स युजर तयार करतो. मला वाटलं हे खातं आपलंच. सुरक्षेच्या उत्साहात मी त्याचा पासवर्ड बदलला. पुढचं कॅप्चर चाळीस मिनिटं छान चाललं आणि अगदी शेवटच्या पायरीला लॉगिन चुकलं म्हणून अडकलं. कारण नवी इमेज आधी 'इमेजेस' फोल्डरच्या आतल्या 'डेव्ह'मध्ये पीसीच्या मॅक पत्त्याच्या (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा नंबर) नावाने जमा होते आणि सगळी चढल्यावरच एफटीपीने खऱ्या जागी हलवली जाते. त्या एफटीपीला हाच पासवर्ड लागतो, आणि तो सेटिंगमध्ये एकापेक्षा जास्त ठिकाणी लिहिलेला असतो. त्या खात्याला शिवू नका. पण ही 'आधी बाजूला जमा कर' पद्धत फार चांगली आहे. एकदा कॅप्चर अर्ध्यावर असताना लाइट गेली, यूपीएसनेही मान टाकली, तरी जुनी इमेज जशीच्या तशी जागेवर होती.

दुसरी: फॉग उघड्यावर ठेवू नका. वेब पानाचा सुरुवातीचा युजर 'फॉग' आणि पासवर्ड 'पासवर्ड' असतो, तो त्याच दिवशी बदला. इमेजेसचं फोल्डर एनएफएसने (नेटवर्कवर फोल्डर वाटायची पद्धत) सगळ्यांना वाचायला खुलं असतं. बूट मेनूही पोरांना दिसतो. तिसऱ्या वर्षाच्या एका महाभागाने 'क्विक रजिस्ट्रेशन' दाबून स्वतःचा लॅपटॉप आमच्या यादीत घातला होता. क्विकमध्ये नाव विचारत नाहीत, मॅक पत्ताच नाव होतो, त्यामुळे तो बारा अक्षरांचा पाहुणा कोण हे शोधायला मला आठवडा लागला.

कुणी घ्यावा? आठ-दहा पीसींचं टायपिंग इन्स्टिट्यूट किंवा एमएससीआयटीचं सेंटर असेल तर घेऊ नका. पेनड्राइव्हवर क्लोनझिला हा डिस्कची नक्कल काढायचा प्रोग्राम टाका, वर्षातून दोनदा रविवारी बसा, काम होतं. तीसच्या वर पीसी असतील, एकाच जातीचे असतील आणि लिनक्सच्या काळ्या स्क्रीनला न घाबरणारं एक तरी माणूस असेल, तर डोळे झाकून घ्या. माझ्याकडून पाचपैकी सव्वाचार. पाऊण गुण सिक्युअर बूटचे आणि माहितीच्या विखुरलेपणाचे कापले. शोधायला गेलं की दहा वर्षांपूर्वीच्या आवृत्तीचं पान आधी हाती लागतं, आणि ते जुनं आहे हे तुम्ही त्यातलं सगळं करून बसल्यावर कळतं.

आणि फोटो काढा. पीसी अडकला की काही करण्याआधी मोबाइलने स्क्रीनचा फोटो. माझ्या गॅलरीत घरच्यांपेक्षा कर्नलचे फोटो जास्त आहेत म्हणून नवरा चिडवतो, पण कुठल्या हातापाशी अडकलंय हे त्या फोटोतच असतं.

आता लॅब चारचे पीसी बदलायचे आहेत. या वेळी खरेदीच्या कागदात मी एक अट घालून घेतली: सगळे पीसी यायच्या आधी एक नमुना आणायचा आणि तो आमच्या सर्व्हरवरून नेटवर्क बूट करून दाखवायचा. विभागप्रमुख सर म्हणाले, "हे कशाला? पीसी म्हणजे पीसी." मी त्यांना तीस वेळा एफ-टूची गोष्ट सांगितली. त्यांनी सही केली.

नमुना गेल्या मंगळवारी आला. पुरवठादाराचा पोरगा खोकं उघडत होता तेवढ्यात मामांनी, मी काही बोलायच्या आत, सर्व्हरशेजारच्या खिळ्यावरून डबडा स्विच काढला, शर्टाच्या बाहीने पुसला आणि टेबलावर आणून ठेवला.